विनोदी कथासाहित्य, मराठी : प्रकाशन व बाजारपेठ

विनोदी आणि उपरोधपर कथात्मक लेखन ज्या मार्गांनी वाचकापर्यंत पोहोचते, त्याचे मोल ज्या रीतीने ठरते आणि ते मोल प्रत्यक्षात ज्यांच्याकडून चुकते होते, त्या सर्व व्यवहारास या साहित्यप्रकाराची बाजारपेठ म्हणता येईल. या नोंदीत विनोदी कथा, पात्रे व प्रसंग यांच्या आधाराने लिहिलेला विनोदी लेख, व्यक्तिचित्र आणि उपरोधपर कादंबरी यांचा विचार केला आहे. विनोदी नाटक, विडंबनकाव्य व व्यंगचित्र यांचा उल्लेख अनुषंगाने येतो. मराठीत हे लेखन विपुल व लोकप्रिय आहे. तथापि ते बहुतांशी लहान आकाराचे असून उपरोधपर दीर्घ कादंबरी त्यात तुरळकच आढळते. या विषमतेचे कारण केवळ लेखकांच्या प्रतिभाधर्मात शोधणे पुरेसे नाही. विनोदाला मराठीत जे ग्राहक लाभले ते प्रथम मासिकाचे, नंतर दिवाळी अंकाचे, ग्रंथालयाचे व सभागृहाचे होते. पुस्तकाचा स्वतंत्र ग्राहक सर्वांत शेवटी आला. या क्रमाचा परिणाम विनोदी कथेच्या घाटावर खोलवर झालेला दिसतो.

पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये दीर्घ विनोदी कादंबरीची वाढ तिच्या विक्रीच्या पद्धतीशी निगडित होती. चार्ल्स डिकिन्झची ‘पिक्विक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये मासिक भागांच्या रूपाने, दर भागास एक शिलिंग या किंमतीस विकली गेली. संपूर्ण ग्रंथ एकरकमी विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, तेही तो थोडाथोडा विकत घेऊ शकले. १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ या साप्ताहिकाने विनोदी लेखनाला दर आठवड्याचा ग्राहक मिळवून दिला. लेखकाला दीर्घकाळ एकाच कथानकावर काम करता येईल आणि त्या काळात त्याला मोबदलाही मिळत राहील, अशी ही व्यवस्था होती.

मराठीत खंडशः कादंबरी प्रसिद्ध करण्याची प्रथा होतीच. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून त्यांच्या अनेक कादंबऱ्या क्रमशः आल्या. परंतु ही सोय मुख्यत्वे सामाजिक व ऐतिहासिक कादंबरीच्या वाट्यास आली. विनोदाचा जन्म ज्या नियतकालिकांत झाला, त्यांचे स्वरूप वेगळे होते.

मासिकांचा काळ : मराठी विनोदी लेखनाचा आधुनिक कालखंड श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्यापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात आला. हे मासिक १८६७ पासून चालत आलेले, विद्वानांच्या वाचनातील व गंभीर विषयांना वाहिलेले होते. धर्म व रूढी यांतील विसंगतींवर बोट ठेवणारा कोल्हटकरांचा विनोद अशा मासिकात प्रथम अवतरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचा आरंभीचा वाचक करमणुकीसाठी पैसे मोजणारा नव्हता. तो निबंध वाचणारा होता. म्हणून कोल्हटकरांचा विनोदही निबंधाच्या अंगाने गेला व त्याला टीकेची धार राहिली. सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या ही पात्रे मात्र कथेची होती. ती लेखालेखांतून पुन्हा भेटत राहिली आणि त्यामुळे स्वतंत्र लेखांना एकसूत्रता आली. या लेखांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. म्हणजे पहिल्या लेखानंतर आठ वर्षांनी. ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाखाली अठरा लेखांचा हा संग्रह १९२३ मध्ये बत्तीस लेखांपर्यंत वाढला. नियतकालिकात विखुरलेले लेख पुरेसे जमले म्हणजे पुस्तक निघावयाचे, हा मराठी विनोदाच्या प्रकाशनाचा नियम येथेच घालून दिला गेला.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ हे मासिक सुरू केले. नावाप्रमाणेच त्याचा हेतू वाचकाचे मन रमविण्याचा होता आणि लघुकथेला त्यात मानाचे स्थान होते. सुशिक्षित मध्यमवर्गीय घर, त्यातील वाचू लागलेल्या स्त्रिया, नोकरीनिमित्त गाव सोडून शहरात आलेला कारकून, हा या मासिकाचा ग्राहक होता. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने केलेले विनोदी लेखन याच सुमारास मासिकांतून लोकप्रिय झाले. कोल्हटकर हे त्यांचे गुरू. तथापि गडकऱ्यांच्या विनोदाचा ओढा तात्त्विक टीकेपेक्षा अतिशयोक्तीकडे, शब्दांच्या खेळाकडे व घरगुती फजितीकडे अधिक होता. हा फरक प्रतिभेचा आहे तसाच वाचकवर्गाचाही आहे. विद्वानांच्या मासिकाकडून कुटुंबाच्या मासिकाकडे होणाऱ्या प्रवासात विनोदातील उपरोध सौम्य होत गेला.

१९२० मध्ये किर्लोस्करवाडी येथून शंकरराव किर्लोस्कर यांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक या बाजारपेठेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. नांगर व इतर यंत्रे तयार करणाऱ्या कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून ते निघाले; १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही त्याची भावंडे होत. जाहिरात, वितरण व वर्गणीदार यांची व्यवस्था उद्योगधंद्याच्या शिस्तीने लावता येते, हे या मासिकांनी दाखवून दिले. वर्गणीदारांना दर महिन्यास काहीतरी हलकेफुलके हवे असे आणि ते सर्वांना एकत्र वाचता येण्याजोगे असावे, अशी अपेक्षा असे. ‘रत्नाकर’ (१९२६) व ‘यशवंत’ (१९२८) या मासिकांनीही लघुकथेची मागणी वाढविली.

या मागणीला सर्वांत यशस्वी प्रतिसाद दिला तो चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनी. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) व ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३) या संग्रहांनी ती घरोघरी पोहोचली. चिमणरावाचे लग्न, संसार, नोकरी, प्रवास व मुलेबाळे यांच्या हकीकती एकत्र ठेवल्यास एका मध्यमवर्गीय आयुष्याची सलग कहाणी तयार होते. इंग्रजी लेखकाने या सामग्रीची कदाचित एक कादंबरी केली असती. मराठी बाजारपेठेत ती सुट्या गोष्टींच्या रूपाने विकली गेली आणि त्या गोष्टींना जोडण्याचे काम कथानकाने नव्हे, तर पात्रांच्या ओळखीने केले. आधीचा अंक न वाचलेल्या वाचकालाही गोष्ट समजावी आणि वाचलेल्याला जुना स्नेही भेटल्याचा आनंद मिळावा, अशी ही सोय होती. कोल्हटकरांचा सुदामा, जोशी यांचा चिमणराव, गंगाधर गाडगीळ यांचा बंडू व द. मा. मिरासदार यांच्या भोकरवाडीतील नाना चेंगट व बाबू पैलवान ही मंडळी पुन्हापुन्हा येतात, त्याचे एक कारण या विक्रीव्यवस्थेत सापडते.

दिवाळी अंक : ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांचा आदर्श त्यामागे होता. पुढे ही प्रथा मराठी साहित्यव्यवहाराचा कणा बनली. स्वातंत्र्योत्तर काळात अनंत अंतरकर (१९११–१९६६) यांनी ‘हंस’ (१९४६), ‘मोहिनी’ (१९५०) व ‘नवल’ (१९५४) ही मासिके काढली. त्यांपैकी ‘मोहिनी’ने विनोदी कथेला विशेष आश्रय दिला. शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित रंगीत हास्यचित्रांनी या मासिकांची मुखपृष्ठे सजली आणि विक्रेत्याच्या दुकानात टांगलेला अंक दुरून ओळखू येऊ लागला. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये ‘आवाज’ हा केवळ विनोदाला वाहिलेला दिवाळी वार्षिक अंक सुरू केला. पानाला खिडकी कापून तिच्यातून चावट भासणारे दृश्य दाखवावयाचे आणि पान उलटताच ते अगदी निरुपद्रवी असल्याचे उघड करावयाचे, ही त्यातील खिडकीचित्रांची क्लृप्ती विशेष गाजली. ‘जत्रा’ हे पुण्याचे नियतकालिकही विनोदासाठीच ओळखले जाई.

दिवाळी अंकाचे अर्थकारण सामान्य मासिकापेक्षा भिन्न असते. वर्षातून एकदाच मोठा खर्च करावयाचा, तो जाहिरातींच्या उत्पन्नातून भरून काढावयाचा आणि प्रतींची विक्री सणाच्या आसपासच्या काही आठवड्यांत उरकावयाची, असे त्याचे गणित असते. अंकाचे आयुष्य मात्र विक्रीनंतरही चालू राहते. एक ठराविक रक्कम भरून काही महिने आळीपाळीने अंक वाचावयास मिळावेत, अशी योजना अनेक वाचनालये राबवितात. कचेऱ्यांतूनही वर्गणी काढून अंक घेतले जातात. त्यामुळे एका प्रतीमागे वाचकांची संख्या मोठी असते. परंतु त्या वाचकांनी मोजलेल्या पैशाचा अल्प भागच संपादकाकडे व त्यातील त्याहून अल्प भाग लेखकाकडे येतो.

लेखनाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. विनोदी लेखकाला निश्चित मागणी मिळाली, हा पहिला व इष्ट परिणाम होय. दिवाळी अंकाला एक तरी विनोदी कथा हवीच, असा संकेत रूढ झाला. लेखकाचे नाव झाले, की पावसाळ्याच्या आरंभापासून संपादकांची पत्रे सुरू होत. दुसरा परिणाम असा, की त्याच लेखकाला दोनतीन महिन्यांच्या अवधीत अनेक अंकांसाठी अनेक कथा लिहाव्या लागत. प्रत्येक कथा स्वयंपूर्ण, ठराविक पृष्ठांत बसणारी आणि शेवटी हमखास हशा पिकविणारी असणे आवश्यक असे. पुनरावृत्ती, ठोकळेबाज पात्रे व ओढूनताणून केलेले कोटिक्रम हे जे दोष समीक्षक या कथेत दाखवितात, त्यांचा उगम या घाईत आहे. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणारे वि. आ. बुवा यांच्यासारख्या लेखकांची विपुलता याच मागणीची साक्ष देते.

लेखकाचा निर्वाह : मराठी विनोदी लेखकांच्या चरित्रांवरून दृष्टी टाकल्यास बहुतेकांचा चरितार्थ अन्य व्यवसायावर चालत असल्याचे आढळते. कोल्हटकर विदर्भात वकिली करीत, कॅप्टन गो. गं. लिमये (१८८१–१९७१) डॉक्टर होते, चिं. वि. जोशी, गंगाधर गाडगीळ व बाळ गाडगीळ अध्यापक होते. मिरासदार प्रथम शिक्षक व नंतर प्राध्यापक होते. शंकर पाटील शिक्षणक्षेत्रात, तर व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर होते. जयवंत दळवी व रमेश मंत्री या दोघांनी अमेरिकन सरकारच्या मुंबईतील माहिती कार्यालयात नोकरी केली. केवळ लेखनावर उपजीविका करणारा विनोदी कथाकार विरळाच. नोकरीमुळे लेखक बाजाराच्या लहरीपासून सुरक्षित राहिला. पण त्याचा अनुभव व त्याचा फावला वेळ या दोहोंना नोकरीनेच मर्यादा घातली. कचेरी, चाळ, शाळा, लग्नसमारंभ व साहित्यसभा हे विषय वारंवार येतात. कारखाना, बाजारसमिती, न्यायालयाची आतली बाजू किंवा मंत्रालय यांवर दीर्घ उपरोधपर कथा लिहिण्यास लागणारा अवकाश रविवारच्या सुटीत सापडत नाही.

पुस्तक आणि ग्रंथालय : मराठी पुस्तकाची आवृत्ती दीर्घकाळ एक हजाराच्या आसपास प्रतींची असे. तिचा मोठा भाग सार्वजनिक व खाजगी ग्रंथालयांत जात असे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना मिळणाऱ्या अनुदानामुळे गावोगावी पुस्तकखरेदी शक्य झाली. ग्रंथालयात विनोदी पुस्तकाला मागणी मोठी असल्याने प्रत लवकर जीर्ण होई व पुन्हा घ्यावी लागे. प्रकाशकाच्या दृष्टीने ही अनुकूल बाब होती. परंतु ग्रंथालयातून पुस्तक मिळत असल्याने विकत घेऊन घरी ठेवण्याची सवय मंदगतीने वाढली. एकदा वाचून हसून झाले, की विनोदी पुस्तक संपले, अशी समजूतही त्यामागे होती.

ही समजूत मोडून काढण्याचे श्रेय बव्हंशी पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्याकडे जाते. त्यांच्या आरंभीच्या लेखनाला बडोद्याच्या ‘अभिरुचि’ या मासिकाने स्थान दिले होते. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) व ‘असा मी असामी’ (१९६४) ही पुस्तके लोकांनी विकत घेतली, भेट दिली व पुन्हापुन्हा वाचली. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, विनोदी लेखकाच्या पुस्तकाला असा मान मिळणे ही बाजारपेठेच्या दृष्टीनेही महत्त्वाची घटना होती. प्रतिष्ठा व खप हे दोन्ही एकाच पुस्तकाला लाभू शकतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी कोल्हटकरांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार ठेवण्यात आला.

रंगमंच व कथाकथन : पु. लं.च्या पुस्तकांचा खप त्यांच्या प्रयोगांपासून वेगळा काढता येत नाही. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकपात्री प्रयोगाच्या रूपाने रंगमंचावर आणली. प्रेक्षकांनी तिकीट काढून एका पुस्तकाचा लेखक ऐकावा, ही गोष्ट नवी होती. प्रयोग पाहून पुस्तक घेणारा आणि पुस्तक वाचून प्रयोगाला येणारा, असे दोन्ही ग्राहक परस्परांना पूरक ठरले. पुढे ध्वनिफिती निघाल्या आणि पु. लं.चा आवाज कानांत ठेवूनच त्यांची पुस्तके वाचण्याची रीत पडली.

याच सुमारास, १९६२ पासून, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम एकत्रितपणे सुरू केले. ‘धिंड’ ही शंकर पाटलांची किंवा ‘व्यंकूची शिकवणी’ ही मिरासदारांची कथा ज्यांनी वाचली, त्यांच्यापेक्षा ती ऐकणाऱ्यांची संख्या मोठी असावी. व्याख्यानमाला, सार्वजनिक गणेशोत्सव, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने व सहकारी संस्थांचे समारंभ हे या कार्यक्रमांचे ग्राहक होते. येथे श्रोता बहुधा पैसे देत नाही. मंडळ वा संस्था मानधन देते. विनोदाचा खरेदीदार व उपभोक्ता हे दोघे अशा रीतीने वेगळे झाले. ज्या गावांत पुस्तकाचे दुकान नव्हते, तेथे कथा पोहोचली, हा या प्रथेचा मोठा लाभ होय. कीर्तन व तमाशा यांमुळे ऐकून हसण्याची सवय असलेल्या समाजात ती सहज रुजली. तथापि श्रोत्यांच्या हशासाठी थांबत जाणारी, संवादप्रधान व प्रसंगनिष्ठ अशी कथेची घडण याच प्रथेने दृढ केली आणि तिच्यातील सूक्ष्म उपरोधाला वाव कमी ठेवला.

ग्रामीण विनोदी कथेविषयी एक आक्षेप वारंवार घेतला गेला आहे : शहरी वाचकाच्या करमणुकीसाठी खेड्यातील माणसाला बावळट वा इरसाल ठरविले जाते, असा तो आहे. नियतकालिकांचा ग्राहक मुख्यतः शहरी होता, हे लक्षात घेता आक्षेपात तथ्य आहे. मात्र कथाकथनामुळे तीच कथा ग्रामीण श्रोत्यांसमोर गेली आणि त्यांनीही तिला दाद दिली; त्यामुळे या प्रश्नाचा निवाडा एकेरी करता येत नाही. दुसऱ्या बाजूस, कामगार व कष्टकरी वर्गाचा उपरोध पुस्तकांच्या बाजारात क्वचितच आला. त्याची बाजारपेठ तमाशाचा फड व लोकनाट्य ही होती. अण्णा भाऊ साठे यांची लोकनाट्ये किंवा वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) हे वगनाट्य यांत राज्यकर्त्यांची जी उघड टर उडविलेली दिसते, तशी ती समकालीन दिवाळी अंकांतील कथेत अपवादानेच आढळते. जाहिरातदार व कुटुंबातील सर्व वयाचे वाचक यांना सांभाळणाऱ्या अंकाने ही जोखीम सहसा पत्करली नाही.

वृत्तपत्रे व साप्ताहिके : उपरोधाला तुलनेने अधिक मोकळीक वृत्तपत्री सदरांत मिळाली. दत्तू बांदेकर (१९०९–१९५९) यांचे ‘सख्याहरि’ या टोपणनावाने ‘चित्रा’ साप्ताहिकातून आलेले लेखन, प्र. के. अत्रे यांचे ‘नवयुग’ साप्ताहिक (१९४०) व ‘मराठा’ दैनिक (१९५६), आणि व्यंगचित्राला केंद्रस्थानी ठेवणारे ‘मार्मिक’ (१९६०) ही त्याची उदाहरणे होत. जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘ललित’ मासिकातून साहित्यव्यवहाराचीच थट्टा वर्षानुवर्षे केली. प्रकाशनव्यवसायाशी निगडित मासिकानेच ती छापावी, ही त्या व्यवहाराच्या निकोपपणाची खूण मानता येईल. सदरलेखनाला नियमित मोबदला मिळतो. पण तात्कालिक संदर्भांमुळे ते लवकर शिळे होते. त्यातून टिकाऊ कथात्मक ग्रंथ निघण्याची उदाहरणे थोडी आहेत. दिलीप प्रभावळकर यांचे ‘अनुदिनी’ हे दैनंदिनीच्या रूपातील सदर हे त्यांपैकी ठळक उदाहरण. ते पुस्तकरूपाने आले व ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१–०४) या दूरचित्रवाणी मालिकेचा आधार ठरले. मुकुंद टाकसाळे व मंगला गोडबोले यांनीही सदर, दिवाळी अंक व पुस्तक हा मार्ग यशस्वीपणे चोखाळला. पुरुषांच्या दृष्टीतून पाहिलेल्या ‘बायकोच्या विनोदा’ला गोडबोले यांच्या लेखनाने घरातूनच उत्तर मिळाले.

चित्रपट व दूरचित्रवाणी : विनोदी कथेचे हक्क हे तिच्या उत्पन्नाचे आणखी एक साधन होय. अत्रे यांची ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ मध्ये पडद्यावर आली. चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी ‘लग्न पाहावं करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत अवतरली. मिरासदारांच्या कथेवरून ‘एक डाव भुताचा’ (१९८२) हा चित्रपट निघाला. मुंबई दूरदर्शनवर १९७७ ते १९७९ या काळात सादर झालेल्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या मालिकेने चिं. वि. जोशी यांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी त्यांच्या कथांना नवा वाचक मिळवून दिला. या माध्यमांनी पुस्तकाला उजाळा दिला, हे खरे. परंतु पुढे घरबसल्या रोजचा विनोद पुरविणाऱ्या वाहिन्यांनी, करमणुकीसाठी मासिक विकत घेणारा ग्राहक कायमचा नेला. मासिके एकामागून एक थांबली किंवा केवळ दिवाळी अंकापुरती उरली.

स्वामित्वहक्क : १९५७ च्या अधिनियमाने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षेपर्यंत स्वामित्वहक्क राखला होता, १९९२ मध्ये ही मुदत साठ वर्षे करण्यात आली. त्यामुळे गडकरी व कोल्हटकर यांचे लेखन पूर्वीच, तर चिं. वि. जोशी यांचे लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांसाठी खुले झाले. हक्कमुक्त झालेल्या विनोदी ग्रंथाच्या स्वस्त आवृत्त्या निघतात. पण संदर्भ विसरले गेल्याने टीपांविना ते नव्या वाचकास दुर्बोध होतात. ‘सुदाम्याचे पोहे’ समजण्यास त्यातील रूढींचीच ओळख आता करून द्यावी लागते.

दीर्घ उपरोधकथेचा प्रश्न : मराठीत दीर्घ उपरोधकथा अजिबात नाही असे नाही. जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) कोकणातील एका गावाचे हसतखेळत समग्र चित्र उभे करते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) उपरोध हा कथनाचा अविभाज्य भाग आहे. श्याम मनोहर यांच्या ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ (१९८३) या कादंबरीत मध्यमवर्गीय जगण्यातील पोकळपणा विनोदाच्या अंगाने उघडा पडतो. मात्र यांतील शेवटच्या दोन कृती विनोदी साहित्याच्या बाजारपेठेतून आलेल्या नाहीत. गंभीर कादंबरीच्या मर्यादित, पण चिकित्सक वाचकवर्गाने त्यांना जोपासले. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ला (१९६८) उपरोधपर कादंबरी म्हणून अफाट वाचक लाभला. सत्ता, शिक्षणसंस्था व सहकार यांची गावपातळीवरील गुंफण महाराष्ट्रातही तेवढीच ठळक असताना तशी कादंबरी मराठीत विनोदी लेखकांकडून लिहिली गेली नाही. सामग्री होती, निरीक्षण होते आणि भाषेवर प्रभुत्वही होते. वर्षभर एकाच कथानकावर लेखकाला पोसणारा खरेदीदार नव्हता.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : एकविसाव्या शतकातही दरवर्षी काहीशे दिवाळी अंक निघतात व त्यांत विनोदी कथेला स्थान असते. २०२० मधील महासाथीच्या काळात जाहिराती आटल्याने अनेक अंकांची पृष्ठे घटली. या व्यवस्थेचा आधार वाचकापेक्षा जाहिरातदार अधिक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पु. लं.ची पुस्तके त्यांच्या निधनानंतरही सातत्याने पुनर्मुद्रित होत आहेत. जुन्याची ही मागणी नव्या लेखकाला मात्र प्रतिकूल ठरू शकते. कारण विनोदासाठी राखलेली दुकानातील फळी परिचित नावांनीच भरून जाते. ध्वनिपुस्तके व इलेक्ट्रॉनिक पुस्तके यांनी कथाकथनाची जुनी परंपरा वेगळ्या रूपात पुढे आणली असून परदेशी स्थायिक झालेल्या मराठी भाषकांपर्यंत विनोदी कथा त्यांच्याद्वारे पोहोचते.

मराठी विनोदी कथेच्या बाजारपेठेने एक मोठे कार्य केले : हसणे ही गोष्ट तिने प्रतिष्ठित केली आणि आबालवृद्धांना एकत्र बसून वाचता येईल असे साहित्य शतकभर पुरविले. त्याची किंमत उपरोधाने दिली. कोल्हटकरांनी विनोदाकडे समाजसुधारणेचे साधन म्हणून पाहिले होते. सण, जाहिरात व सभागृह यांच्या आश्रयाने तो पुढे सणाच्या फराळाचा भाग झाला. ग्रंथालये, प्रकाशक व वाचक यांनी मिळून दीर्घ लेखनासाठी स्वतंत्र आश्रय निर्माण केल्यास, शंभराहून अधिक वर्षे सुट्या गोष्टींत विखुरलेल्या या सामर्थ्याला सलग रूप मिळणे अशक्य नाही.